कॉरिडॉरचे दिवे

परवा कपाट आवरताना ‘ऊर्जा बचत’ असं छापलेलं प्रमाणपत्र हाती आलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं. विद्यापीठात शिकत होते तेव्हा विभागातली वीज वाचवायचं काम आम्हा विद्यार्थ्यांवर सोपवलं होतं. मार्चचं ऊन खिडक्यांतून पार फरशीपर्यंत यायचं, तरी कॉरिडॉरच्या सगळ्या ट्यूब भर दुपारी जळत असायच्या, कारण त्यांचं बटण कुलूपबंद स्टोअर रूममध्ये आणि किल्ली शिपाई मामांच्या कमरेला. लासूर स्टेशनहून रोज सकाळच्या गाडीनं येणारे मामा म्हणायचे, "आल्या आल्या लावायचे, जाताना बंद करायचे, साहेबांचा हुकूम हाय." मी तीन दिवस मागं लागले, तेव्हा कुठं त्यांनी कुरकुरत कुलूप काढलं आणि मी ऐटीत बटण बंद केलं. नेमके त्याच दुपारी आमचे विभागप्रमुख साहेब पाहुण्यांना विभाग दाखवायला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मामांच्या हातात दिवे बंद ठेवल्याबद्दलचा मेमो होता. मी साहेबांकडं जाऊन सांगितलं, दिवे मी बंद केले. "तुम्ही अभ्यासाकडं लक्ष द्या," म्हणत त्यांनी फाइल उघडली. बाहेर मामा एवढंच म्हणाले, "माझं ऐकलं असतंस तर लई बरं झालं असतं, पोरी." पुढच्या आठवड्यात, पडदे ओढून दिवे लावलेल्या हॉलमध्ये, साहेबांनी मला हे प्रमाणपत्र दिलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. त्या हॉलचे दिवेही मामांनीच लावले होते. आता माझ्या ऑफिसातही दिवसा दिवे जळतात. हात बटणाकडं जातो, पण आधी मी विचारते, इथले दिवे लावायला कोण येतं.