विटांवरची गाडी

केडगावात माझ्या रोजच्या वाटेवर एक मेकॅनिक जुनी, छोटीशी मोटार रॅलीच्या शर्यतीसाठी तयार करत होता. मागची सीट त्यानं काढून टाकली होती, आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडला होता. इंजिन आणि चाकं अजून बाजूलाच पडलेली. गाडी विटांवर, आणि हा संध्याकाळी आत स्टिअरिंग धरून, डोळे मिटून बसलेला. मला वाटायचं, दमून झोपत असेल.

एकदा त्यानंच हाक मारली. "सर, डावीकडं बसा. ही वही वाचा, मी चालवतो."

रॅली जाणार त्या डोंगरगणच्या घाटातलं प्रत्येक वळण त्यानं सायकलवर हिंडून वहीत उतरवलं होतं. मी वाचू लागलो. "उजवीकडं, तिसरा गिअर. चिंचेपासून डावीकडं, दुसरा." त्याचे हात सरसर फिरत होते. गाडी जागची हलत नव्हती, तरी माझ्या कानाला वारा लागत होता.

"म्हातारीच्या शेळ्यांची वाट. ब्रेक." मी वाचता वाचता अडलो. "अहो, रॅलीच्या दिवशी रस्ता बाकीच्यांना बंद असतो. इथं उगाच चार सेकंद जातील. हरायचंय का तुम्हाला?"

"ती लई वर्सं तिथूनच जाती, सर," तो डोळे न उघडता म्हणाला. "येक दिवस रस्ता आपला झाला, म्हनून तिचा न्हाई व्हय?"

त्यानं ब्रेक दाबला. माझाही पाय नकळत खाली रेटला गेला.

शेवटची शेळी पलीकडे जाईपर्यंत मी पान उलटलं नाही.