लाल फडक्यातली फुलांची वही

देवाकडे मी सहसा काही मागत नाही. मागायचं म्हणजे मनातल्या मनात का होईना, बोलावं लागतं आणि बोलण्याशी माझं फारसं जमत नाही. पण भाद्रपदातल्या त्या शनिवारी सकाळी देवघरासमोर बसले आणि म्हणाले, "देवा, उद्याचं कसंही करून टळू दे."

उद्या परभणीतल्या एका बालवाचनालयात मला माझं पुस्तक मुलांना वाचून दाखवायचं होतं. पुस्तक म्हणजे हाताने केलेली एकुलती एक वही. आमच्या बाळकृष्णाला वाहिलेली फुलं मी वर्षभर दुसऱ्या दिवशी उचलून वाळवत होते, पानावर चिकटवत होते, शेजारी त्यांचं चित्र रंगवत होते आणि त्या फुलाला काय म्हणायचं असेल ते चार ओळींत लिहीत होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे निबंध सगळे इंग्रजीत लिहिलेले. पण जास्वंद काही इंग्रजीत बोलायला तयार होईना, म्हणून मराठीत लिहिलं. माझ्या मराठीला कुणी हसेल या भीतीने ती वही लाल फडक्यात बांधून देवघराच्या खणात, पोथ्यांखाली ठेवायचे. एकदाच धीर करून वाचनालयाच्या बाईंना दाखवली, आणि त्यांनी थेट रविवार ठरवून टाकला.

प्रार्थना करून मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. खाली येऊन सरावासाठी वही काढायला गेले, तर खण रिकामा. आईला विचारलं. ती भाजी निवडत म्हणाली, "आत्या गंगाखेडला गंगेवर गेल्यात ना आज, एकादशी आहे. निर्माल्य नेलं, आणि कसर लागलेल्या जुन्या पोथ्याही नेल्या विसर्जनाला."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, बोरीहून आठ दिवसांसाठी आलेली. तिला फोन लावला. तो स्वयंपाकघरातच, चार्जिंगला लावलेला, वाजला.

प्रार्थना इतक्या तत्परतेने ऐकली जाईल असं वाटलं नव्हतं. उद्याचं टळलं होतं. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण पाण्यात पसरत जाणारे माझे रंग दिसायला लागले. एकही पान मी दुसरीकडे उतरवून ठेवलं नव्हतं. मिळाली ती एसटी पकडली आणि गंगाखेडपर्यंत, निर्लज्जपणे, सकाळच्या अगदी उलट प्रार्थना करत राहिले. खिडकीबाहेर ऊस मागे जात होता. शेवटी शब्द संपले. मग नुसतीच बसले, हात मांडीवर ठेवून.

गोदावरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गंगेच्या, घाटाच्या पायऱ्यांवर आत्या दिसण्याआधी तिचा आवाज आला. ती पोथी वाचत होती, नेहमीच्या चालीत, ओळीचं शेवटचं अक्षर लांबवत. जवळ गेले आणि थबकले. ते शब्द माझे होते.

"मी अबोलीऽ, मला वास नाहीऽ. जवळ येतात ते बघायला येतातऽ."

झेंडूच्या टोपल्यांमागे एक फुलवाली मावशी हार ओवत होती. शेजारी आणखी दोन बाया. आत्याच्या नाकावर चष्मा, मांडीवर लाल फडकं आणि त्यावर माझी वही, कोरडी ठणठणीत. पान संपलं की आत्या ते कपाळाला लावी, मगच उलटवी. मी खांबाआड उभी राहिले.

पुढचं पान प्राजक्ताचं होतं. त्यात मी लिहिलं होतं, 'पहाटे मला फांदीवरून अलगद तोडतात.' मावशीचा हात थांबला आणि ती खळखळून हसली.

"पारिजातक कुणी तोडत असतंय व्हय? ह्यो लिवणारा शहरातला दिसायलाय!"

"आसं बोलू नगा," आत्या म्हणाली. "नाव न्हाई कुठं, पर कुण्या संताचं असंल. लय ग्वाड हाय."

"संत कसला बाई, पारिजातक तोडतोय त्यो!"

सगळ्या हसल्या. ज्या हसण्याला मी वर्षभर घाबरत होते, ते हेच. आणि कसं कोण जाणे, मलाही हसू आलं. खांबाआडून बाहेर आले. "आत्या, ते मी लिहिलंय."

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "तू? तू बोलतीस व्हय एवढं?"

मग कळलं की आत्या गाठोडं पाण्यात सोडणार तोच मावशीने तिला अडवलं होतं. "नदीत टाकू देत न्हाई मी. फुलाचं खत करते," ती मला म्हणाली. "फडकं सोडलं तर आत फुलंच फुलं. मग म्हटलं, वाचा की बाई." तिने ओल्या कापडातून मूठभर प्राजक्त माझ्या ओंजळीत ठेवला. "खाली पडल्यालं फूल देवाला चालत न्हाई. ह्यो तेवढा चालतो. पडू द्यायचा, मग येचायचा."

रविवारी मुलांसमोर उभी राहिले, डोळे मिटले आणि पहिली ओळ आत्याच्या चालीत म्हटली. दुसऱ्या पानापासून मुलंच शेवटची अक्षरं लांबवायला लागली. प्राजक्ताची चुकलेली ओळ खोडून खाली खरी लिहिली होती. ती चूकही त्यांना दाखवली. मुलं सगळ्यात जास्त तिलाच हसली.

त्या मावशीला त्याच वेळी तिथं कुणी बसवलं, हे मी विचारत नाही. मी देवाला वाचन टाळायला सांगितलं होतं. त्याने आधी घाटावर ते करून घेतलं, मला न विचारता. एवढंच मला ठाऊक आहे, आणि तेवढ्यासाठी रोज हात जोडते. मागणं मात्र कमी केलंय.

वही आता माझ्याकडे नाही. बोरीला परतताना आत्याने ती मागितली आणि मी फडक्यासकट देऊन टाकली. संध्याकाळी तिच्या ओसरीवर ती वाचली जाते म्हणे. मी दुसरी सुरू केली आहे. पहिल्या पानावर तोच मूठभर प्राजक्त आहे, वेचलेला.