तांब्यावर कोरलेलं ताईचं नाव

खरडूचा राग तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून त्याला गरीब गाय म्हणता. दिवसभर कवळ्या घडवणारा माणूस. दुसऱ्यांचे दात बसवता बसवता स्वतःचे ओठ चावायची सवय लागलेली. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तांब्याचा पत्रा घेऊन कोरत बसे. बायको म्हणे, "खरडा! तेवढ्या वेळात भांडी घासली असतीत तर निदान चकाकली असती."

थोरल्या बहिणीची पुस्तकं लोक वाचायला नेत आणि पचवत. म्हणून पहिल्या पानावर चिकटवायच्या मालकीच्या चिठ्ठीसाठी त्यानं ठसा कोरला. एक खुर्ची, तिच्यावर उघडं पुस्तक, खाली ताईचं नाव. नाव अर्थात आरशातल्यासारखं उलटं. छापलं की सुलटं होतं. पत्रा ताईच्या घरी तिला दाखवायला ठेवून तो शाई-कागदाच्या शोधात गेला.

दुसऱ्या दिवशी परत येतो तर पत्रा ताईच्या दारावर! चार कोपऱ्यांत चार खिळे. वर बाजारातल्या पाटीवाल्याकडून कोरून घेतलेलं मेहुण्यांचं नाव, ठसठशीत, सुलटं. मेहुणे वकील. त्यांनी एक कादंबरी उघडली असेल तर मी मिशी उतरवीन. पण पाहुण्यांना कपाट दाखवताना "माझा संग्रह" म्हणत.

"तुझी अक्षरं उलटी पडली रे," मेहुणे हसले. "म्हटलं, एक नाव तरी वाचता यावं."

"भाऊजी, ही पाटी नाही, ठसा आहे! पुस्तकं ताईची आहेत!"

"आणि ताई कुणाची?"

झालं! खरडूनं पक्कड आणून पत्रा असा उपटला, की दाराचा रंगही सोबत आला. "तुमचं नाव आत्ता घासून काढतो!"

आतून ताई आली. सगळं ऐकलं होतं तिनं. "घासू नकोस. आहे तसा छाप."

"अगं, पण यांनी नासवलाय तो!"

"छाप म्हणते ना!"

धुसफुसत त्यानं पत्र्याला शाई चोळली, ओलसर कागद ठेवला आणि कपडे पिळायच्या जुन्या रुळांतून दोन्ही काढले. कागदावर खिळ्यांची चार पांढरी भोकं, खाली मोत्यासारखं ताईचं नाव, आणि वर वकीलसाहेब आडनावासकट उलटे.

पन्नासेक चिठ्ठ्या निघाल्या. ताई कपाटापाशी टेबल ओढून खळ घेऊन बसली. मेहुणे ओरडले, "अगं, माझं नाव कुणाला वाचता यायचं नाही!"

"आरसा घेऊन बसा," ती म्हणाली, आणि पुढच्या पुस्तकात चिठ्ठी अशी थापली, की टेबल हाललं.