गुलमोहराच्या बुंध्याचा छेद

खडकीच्या कारखान्यात बाबा ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि त्यांना मुदतीआधीच निवृत्ती घ्यावी लागली. त्याच वर्षी मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. पेढे बाबांनीच वाटले, पण पेन्सिल सोडली ती सोडलीच. काही विचारलं की म्हणायचे, "कॉम्प्युटरला विचार." त्यांचा राग माझ्यावरच आहे, असं मी धरून चालले होते. अशी दोन वर्षं गेली.

मग एका श्रावणात सोसायटीतल्या तोडलेल्या गुलमोहराच्या बुंध्यावर अळंबी उगवली. "कुत्र्याच्या छत्र्या!" म्हणून सेक्रेटरींनी नाक मुरडलं आणि येत्या रविवारी बुंधा उपटायचं ठरवलं. बाबा खाली जाऊन बघून आले आणि आईला म्हणाले, "माझी ड्रॉइंगची पट्टी, टी-स्क्वेअर, कुठंय?"

अळंबी त्यांनी यंत्राच्या सुट्या भागासारखी काढली. समोरून, वरून, मापं मिलिमीटरमध्ये. संध्याकाळपर्यंत छत्री बोटभर वाढली. कारखान्याच्या शिस्तीने त्यांनी कोपऱ्यात 'सुधारणा अ' लिहून नवी मापं टाकली. छत्री ऐकेना आणि बाबाही. शुक्रवारी स्वारी 'सुधारणा ऊ'वर पोचली होती. आईने तर कपाळाला हात लावला.

शनिवारी त्यांनी चमच्याने बुंधा उकरून त्याचा आतला छेद कागदावर काढला. आत पांढऱ्या धाग्यांचं जाळं, भुसभुशीत झालेलं लाकूड आणि त्यात शिरलेली शेजारच्या जांभळाची कोवळी मुळं.

"मेलेल्या झाडाची माती करतायत हे धागे," ते मला म्हणाले. "त्यावर जांभूळ पोसतंय बघ."

रविवारी सेक्रेटरी कुदळवाल्याला घेऊन आले. बाबांनी कागद पुढे केला. सेक्रेटरींनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"एवढं सगळं चाललंय होय खाली? राहू द्या मग. पण जांभळं आली नाहीत तर जबाबदार तुम्ही."

घरी येऊन बाबांनी ड्रॉइंग माझ्यापुढे ठेवलं. खालच्या चौकटीत 'काढणार'पुढे त्यांची सही होती, 'तपासणार'ची जागा रिकामी. तिथे कारखान्यात साहेब सही करायचे.

"तपास आणि कर सही."

मला एकदम रडूच आलं. "बाबा, तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?"

"तुझ्यावर?" ते गोंधळले. "अगं, मला वाटलं, तुलाच माझी लाज वाटते."