टाकीतला कोंडा

पाण्यावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस सबंध भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. वैनगंगेला आम्ही सारे आई म्हणून हात जोडतो. भाऊजी मात्र एसटी पुलावर आली की नदीकडे असे बघतात, जसं कुणी वाटणीत घर बळकावलेल्या भाऊबंदाकडे बघावं. त्यांच्या घरातला नळ त्यांच्याशिवाय कुणाला उघडत नाही, कारण तो त्यांनी बंद केलेला असतो. मी पाहुणा म्हणून गेलो की तोंड धुण्यासाठीसुद्धा "भाऊजी, जरा या" अशी हाक मारावी लागते. बाकीचे लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठेवतात. कुठे थेंब गळताना दिसला की पट्टी निघालीच. आंधळगावला एका लग्नात ते भरल्या पंगतीतून उठले. पाहुणा रुसला असं वाटून नवरीकडचे चार जण समजूत काढायला मागे धावले, तर भाऊजी पाण्याच्या ड्रमची तोटी आवळत बसलेले. "जेवन का पळून चाललं होतं?" ते शांतपणे म्हणाले, "पानी मातर पळून राहिलं होतं."

या वैराला कारण आहे. त्यांचं गाव वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणात गेलं. घर, आंगण, धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं, सगळं. त्या गावात भाऊजींना मोठा मान होता, तो गळती शोधण्यातला. रोवणी झाली की बांधीत पाणी टिकायला हवं, आणि खेकडे तर धुऱ्याला, म्हणजे बांधीच्या बांधाला, भोकं पाडायला टपलेलेच. भोक पाण्याखाली, ते दिसणार कसं? भाऊजी मूठभर कोंडा पाण्यावर पसरायचे आणि धुऱ्यावर उकिडवे बसायचे. कोंडा हळूहळू सरकू लागायचा. जिथे तो गोळा होऊन गरगरला, तिथे भोक. चिखलाचा गोळा कोंबून वरून टाच मारली की काम फत्ते. लोक त्यांना आपल्या बांधीवर बोलावून न्यायचे, चहा पाजायचे. पुढे सगळ्याच बांध्या पाण्याखाली गेल्या आणि हा मानही त्यांच्याबरोबर बुडाला.

पुनर्वसनाच्या वसाहतीत येताना जुन्या घरातली एकच गोष्ट त्यांनी उचलून आणली: मधल्या दाराची सागवानी चौकट. ती बुटकी आहे. ताई नवरी होऊन आली तेव्हा तिचं कपाळ पहिल्याच दिवशी याच चौकटीवर आपटलं होतं. नवं घर बांधताना गवंड्यानं दार उंच करायचं सुचवलं, तर भाऊजी म्हणाले, "आमच्या घरी मान लववूनच या लागते." तेव्हापासून त्या घरी जाऊन टेंगूळ न घेता परत आलेला पाहुणा माझ्या माहितीत नाही. मी तर सख्खा साळा, मला दरवेळी मिळतं.

अशा या घरात शॉवर आला. ताईचा खांदा आखडला होता, डोक्यावर तांब्या नेता येईना, म्हणून भाच्यानं नागपूरहून आणून बसवून दिला. "घरात पाऊस पाडून राहिले," म्हणून भाऊजींनी बरेच दिवस कुरकुर केली. पण मग न्हाणीतून ताईचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं, जे कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं, आणि भाऊजी गप्प झाले. आणि नेमकी तेव्हाच न्हाणीच्या पलीकडच्या भिंतीवर ओल उमटली. रोज थोडी थोडी सरकत ती चौकटीच्या दिशेनं निघाली.

भाऊजींनी शॉवरला एक पट्टी बांधली, मग दुसरी. शेवटी तो हात मोडलेल्या माणसासारखा दिसू लागला, पण ओल काही थांबेना. गवंडी आला. त्यानं भिंतीवर टकटक केलं आणि निकाल दिला: चौकट काढून भिंत फोडा, नाहीतर शॉवर बंद करा. जुनं लाकूड एकदा उचकटलं की पुन्हा धड बसेल, याची हमी मात्र तो देईना. ताई लगेच म्हणाली, "बंद करा थो शॉवर. मी करीन कशीबी आंघोळ." भाऊजींनी मला फोन केला. "बाबू, येऊन जा. पानी इथंबी पोचलं." एरवी गडगडणारा तो आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी तसाच निघालो आणि एसटी पकडली.

पोचलो तर भाऊजी गच्चीवर. टाकीचं झाकण उघडं, हातात कोंड्याची टोपली.

"भाऊजी, हे काय करून राहिले?"

"बांधी असो का टाकी, पानी थेच. कोंडा बरोबर सांगन."

मी पुढे धावेपर्यंत टोपली रिकामी झाली होती. खालून ताईचा आवाज आला, "अवो, नळातून आंबील काहून येऊन राहिली?" भाऊजी धावत न्हाणीत शिरले आणि त्यांनी शॉवर पूर्ण सोडला. तो दोनदा खाकरला, चार मळकट धारा त्यानं दिल्या आणि गच्च तुंबला. ताई दारात उभी. "भिंत राहू द्या, डोस्कं गळून राहिलं तुमचं! त्याले बांधा पट्टी!" मला हसू आवरेना. भाऊजी मात्र उघडा कॉक बंद करायचं विसरून शॉवरकडे बघत राहिले, आणि म्हणूनच ते घडलं. पाण्याला पुढे वाट उरली नाही तेव्हा ते मागून फुटलं. शॉवरची नळी भिंतीत शिरते तिथली स्टीलची चकती फुरफुरली आणि तिच्याभोवती कोंड्याचं कडं जमू लागलं.

भाऊजी त्या ओल्या फरशीवर उकिडवे बसले. "थांब! सापडलं भोक!"

तिथला आटा ढिला होता. ताई आंघोळ करी तेव्हा थोडं पाणी तिथूनच मागे फिरून भिंतीत मुरायचं. फोडायचं काहीच नव्हतं. मी बाजारातून पांढरी टेप आणली, नळी काढून आट्यांवर गुंडाळली. भाऊजींनी ती परत बसवली आणि चकतीखाली ट्यूबची पट्टीही आवळली. "तुया या कागदावर माया भरोसा नाई." आता ती नळी या जन्मी कुणाला निघायची नाही. टाकी आणि सगळे नळ मात्र ताईनं त्यांच्याकडूनच धुऊन घेतले.

ओल चौकटीपासून वीतभर अलीकडे थांबली आणि सुकत गेली. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं भाऊजी रोज सकाळी भिंतीला उलटा हात लावून बघायचे. आत ताईचं गुणगुणणं चालू असायचं.

उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा ते मला धरणाच्या पाण्याकाठी घेऊन गेले. गाव त्याच पाण्याखाली कुठेतरी. त्यांनी खिशातून मूठभर कोंडा काढला, पाण्यावर पसरला आणि काठावर उकिडवे बसले. मीही शेजारी बसलो. कोंडा टाकला तिथेच तरंगत राहिला.

"हलून नाई राहिला," ते म्हणाले. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर हात टेकून उठले. "बांध पक्का हाय, बाबू. चाल, तुयी ताई जेवाची थांबली असन."

घरी पोचलो. मधल्या दारात त्या दिवशी मी आपण होऊन मान लववली.