मोकल सरांची वाढत गेलेली पाटी

पहिल्याच दिवशी मोकल सरांनी मला फ्रीज केलं. खरंच! आर्किटेक्चरची डिग्री घेऊन मी पेणहून रोह्याला नोकरीसाठी आले, आणि हा गृहस्थ मला थेट शेजारच्या वरसे गावातल्या एका मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेला. तिथं त्यांनी जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं अख्खं घर आखलं होतं, खऱ्या मापाचं. घरमालकीण अजून नसलेल्या ओट्यापाशी उभी, तिची सासू नसलेल्या देवघरात बसलेली. मला एका कोपऱ्यात उभं करून सर म्हणाले, “तू फ्रीज. हलू नको.” मग मालकिणीला म्हणाले, “वैनी, आता दूध काढा नि चहा ठेवा.” ती गर्रकन वळली ती माझ्यावरच आपटली. सरांनी चपलेनं ती पांढरी भिंत पुसली आणि फूटभर मागं सरकवली.

“आधी माणसं चालली पायजेत, कागद मागनं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बुटका, सावळा, शर्टाच्या खिशात कायम टेप. खाडीकाठच्या आगरी घरातला. बोलणं घरचंच ठेवलेलं, नगरपरिषदेतसुद्धा. त्यांच्या ऑफिसच्या पाटीवर दोनच ओळी होत्या, नाव आणि खाली ‘आर्किटेक्ट’. वरशातली माणसं जिना चढून येत, पाणी पीत, घराचं बोलून जात. बाजारात भाजी विकणारी कमळीमावशी तर टोपली दारात ठेवून खुशाल खुर्चीत बसायची. “दादा, माजं घर तूच आखायचा हां,” हे ती दर आठवड्याला बजावायची. घराचा अजून पत्ता नव्हता, पण ओट्याची जागा तिनं ठरवून ठेवली होती.

मग धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीला कामगारांसाठी दवाखाना बांधायचा होता. सरांना ते काम मनापासून हवं होतं. त्यांचे वडील कारखान्यातच पाळ्या करून थकले होते. त्यांनी चित्रं काढली, कंपनीतल्या लोकांना आवडलीही. पण तिथले साहेब म्हणाले, पॅनलवर, म्हणजे कंपनीच्या ठरलेल्या आर्किटेक्टच्या यादीत, यायचं तर हरित इमारतींची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट हवं. काम मुंबईच्या कुणाला तरी गेलं. सर परत आले. संध्याकाळी म्हणाले, “पोरी, पुस्तकं मागव.”

माझे वडील पेणजवळच्या जोह्यात गणपतीच्या मूर्ती करतात. मी घरी हे सांगितलं तर म्हणाले, “काम चांगलं असलं की गिऱ्हाईक येतं. कागद कशाला?” ते मी सरांना ऐकवलं. सर फणकारले, “तुझ्या बापाला सांग, गणपतीला पॅनल लागत नाय!”

पहिल्यांदा सर नापास झाले. काय चिडले होते! “प्रश्न विलायतेतले नि उत्तरं रोह्यातली, जमणार कसं?” दुसऱ्यांदा पास झाले आणि अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. मग मात्र चटकच लागली. घर-जमिनीच्या मूल्यांकनाची परीक्षा झाली, आणखी एक कोर्स झाला. प्रत्येक वेळी पाटी उतरायची आणि एक ओळ वाढवून वर चढायची. मी म्हटलं, “सर, आता पाटीलाच गॅलरी काढावी लागेल.” ते खूश होऊन हसले. खोटं कशाला बोलू, पैसे वाढले. कंपन्यांची कामं आली, माझा पगार वाढला, ऑफिसात एसी आला. सर्टिफिकेटानं काही होत नाही असं म्हणणाऱ्याला मी आमचं ऑफिस दाखवलं असतं.

फक्त वरशातलं कुणी येईनासं झालं. आम्हाला ते कळलंही नाही, कामाचा रेटाच तसा होता. कळलं ते कमळीमावशीच्या वास्तुशांतीला. अख्ख्या गावाला बोलावणं होतं, तसंच आम्हालाही. घर मिस्त्रीनं बांधलेलं. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागलेला आणि धूर डोळ्यांत जात होता. सर दारात थबकले. “गो मावशे, मला का नाय विचारलंस?”

मावशीनं पदर सावरला. “तुमाला कसं विचारनार, सायब? खाली उबी राह्यली व्हती मी एकदा. पाटीवर येवढं लिवलेलं. म्हटलं, आता ह्ये आपल्यातले नाय राह्यले.”

सायब! सरांचा चेहरा मला बघवेना. जेवले, आहेर दिला, गाडीत बसले. कुंडलिकेच्या पुलावर म्हणाले, “ती माझ्या जिन्यापाशी येऊन परत गेली गो. नि मी वर एसीत बसलेलो.” त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मला वाटलं, आता पाटी उतरवतील. छे! “कष्टानं मिळवलंय, उतरवू कशाला?” दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन मावशीकडे गेले, भिंत फोडून खिडकी काढून दिली. त्यानंतर दर रविवारी ते वरशातल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागले. “माणसं जिना चढत नसली तर आपण उतरायचं.” सुरुवातीला लोक नुसते नमस्कार करून जात. हळूहळू कुणी जुनं गळकं छप्पर दाखवी, कुणी प्लॉट. सगळे परत आले असं नाही.

आणि मावशी? ती ‘सायब’ सोडेना. पुढच्या थंडीत तिनं आम्हाला पोपटीला, म्हणजे विस्तवात शेंगा भाजून खायला, बोलावलं. शेतात मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा रचणं चाललं होतं. सर मध्येच लुडबुड करत होते. मावशी वैतागली, “अरं दादा, मीठ टाक की, बघतोस काय!” तिच्या लक्षातही आलं नाही. सर माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसले आणि नको तितकं मीठ टाकून बसले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात हार्ट अटॅकनं ते गेले. दवाखान्यात मला म्हणाले होते, “परीक्षेला बस. पुढं लागंल.” मी बसले. यंदा पास झाले. निकाल बघितल्यावर पहिला फोन ज्यांना केला असता ते सरच नव्हते, म्हणून पेढे घेऊन कमळीमावशीकडे गेले. तिनं पेढा हातात घेतला, खाल्ला मात्र नाही.

“म्हंजी आता तुजीबी पाटी वाढनार,” ती म्हणाली. “मंग मी तुला काय म्हनू?”

“काय म्हणायचं ते म्हण,” मी तिच्या चुलीपाशी बसकण मारत म्हटलं, “पण आधी चहा टाक.”