सिनापातीने स्वतःलाच विचारलेला प्रश्न

सामोआतल्या सवाई बेटावरच्या एका दवाखान्यातले एकवीस संगणक सिनापाती एकटी सांभाळायची. तिच्या आधीचा माणूस इतका भिडस्त, की जो मागेल त्याला त्याने अ‍ॅडमिन करून टाकलं होतं. मग काय, कुणीही काहीही भरावं, कुणीही काहीही पुसावं. एकदा तर बाळांच्या लसींची यादीच गायब झाली.

सिनापातीने चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. समोर बसलेल्याला अ‍ॅडमिनचे हक्क आहेत का, एवढंच ती तपासायची आणि पडद्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ उमटवायची. सतरा ठिकाणी ‘हो’ आलं. पंधरा दिवसांत या बाईने सतराच्या सतरा ‘नाही’ करून दाखवले. मोठ्या डॉक्टरांनीही मुकाट्याने ऐकलं.

अडले ते सोलोमोनामामा. कुळाचे प्रमुख, वर दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष. त्यांना चर्चच्या गाण्यांचा प्रोग्रॅम दवाखान्याच्या कचेरीतल्या संगणकावर टाकायचा होता, आणि संगणक आता तो टाकू देत नव्हता. रविवारी जेवताना सगळ्या कुळादेखत त्यांनी तिला फैलावर घेतलं.

"माझ्या घरात माझ्याशिवाय पान हलत नाही, आणि दवाखान्यात मी तुझी परवानगी मागू? उद्या मी बसतो. ‘नाही’ आलं, तर तू घरी बस."

आईचं औषधपाणी त्या नोकरीवर चालायचं. एका माणसापुरतं ‘हो’ कर, म्हणून आईने विनवलं. सिनापातीने काही बदललं नाही.

सोमवारी मामा बसले. ‘नाही’ आलं. त्यांचे कान लाल झाले.

"आता तू बस. तुझं ‘हो’ बघू दे मला."

ती आपल्या नावाने आत शिरली आणि स्क्रिप्ट चालवली. ‘नाही.’

मामांना वाटलं, यंत्र बिघडलं. तिने आणखी दोन संगणकांवर करून दाखवलं, तिथेही तेच. अ‍ॅडमिनचा पासवर्ड अर्धा मेट्रनकडे होता, अर्धा डॉक्टरांकडे. गरज पडली की तीही त्या दोघांना बोलवायची.

"स्वतःचे हक्क काढून घ्यायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मामा. माझा हात चुकला तर मलाही कुणीतरी अडवायला हवं."

तीस वर्षांत मामांना कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आणि स्वतःला म्हणावं हे तर त्यांच्या मनातही आलं नव्हतं. एवढ्याशा पोरीला हे सुचलं कसं, तेच त्यांना कळेना.

"कुळाची जमीन कुणाला कसायला द्यायची, ते मी एकटा ठरवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "येत्या रविवारपासून ते ठरवताना तुझी आई माझ्या शेजारी बसेल. ती नाही म्हणाली, तर मी देणार नाही."